माडीवर वायफाय रडतंय, २०० चा प्लॅन जातो कुठं?

माचीकर
मंडळी नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता डोकं चालेना म्हणून धागा काढतोय. घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या अंगाला, जुनं आहे. पुढचा भाग दगडी, भिंती चांगल्या दीड-पावणेदोन फुटाच्या, मागं वडिलांनी नंतर स्लॅब टाकून बांधकाम केलं आणि त्याच्यावर माडी. इंटरनेट फायबरचं, प्लॅन २०० एमबीपीएसचा, पैसे दर महिन्याला वेळेवर जातात. जोडायला पोरगा आला तेव्हा केबल जिथनं आत आली तिथंच दाराशेजारी टीव्हीच्या कपाटात त्यानं बॉक्स बसवला, फोनवर कायतरी आकडे दाखवले, सही घेतली आणि गेला.

आता लेक पुण्याच्या कंपनीचं काम घरनं करते, तिचं टेबल माडीवर. मीटिंग सुरू झाली की हिचं तोंड गोठतं, आवाज तुटतो, मग मोबाईलचा हॉटस्पॉट लावून कसंबसं निभावते. संध्याकाळी सगळे घरी असले की विचारूच नका. कंपनीत फोन केला तर 'सर आमच्या साईडनं सिग्नल ओके दिसतोय'. शेजारचे म्हणतात कनेक्शन बदला, मेव्हणा म्हणतो रिपीटर घे, पोरगी म्हणते बाबा मी पुण्यालाच जाऊन राहते. काय करावं?
(कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडंच वळेल.)

कंदीपेढा
रिपीटर घ्या की, हजार-बाराशेत येतो. आमच्या गोडोलीच्या फ्लॅटला मस्त चालतोय.

टेक्नोभाऊ
सेटिंगमध्ये जाऊन डीएनएस बदला, ८.८.८.८ टाका, रॉकेट होतं नेट.

खणभाग_वायरिंग
रिपीटर थांबवा हो जरा. मी सांगलीत हीच कामं करतो, निम्म्या घरात आधी रिपीटर येतो आणि मग आम्हाला बोलावणं येतं. साधा रिपीटर जे ऐकतो तेच त्याच चॅनलवर (हवेतल्या त्याच पट्ट्यावर) परत बोलतो, म्हणजे एकच गोष्ट हवेतनं दोनदा जाती आणि स्पीड तिथंच निम्मा होतो. शिवाय लोकं तो बसवतात कुठं तर जिथं रेंज येत नाही तिथं, मग त्याला स्वतःलाच नीट ऐकू येत नाही, तो पुढं काय सांगणार. फोनवर काड्या मात्र फुल दिसतात म्हणून माणूस खूश. फ्लॅटच्या अर्ध्या विटेच्या भिंतीला चालून जातं, दगडी घराला नाही.

दादा, आधी दोन भाग करा. बॉक्सपर्यंत येतंय किती हा एक आणि बॉक्सपासून तुमच्यापर्यंत पोचतंय किती हा दुसरा. लॅपटॉपला लॅनची वायर लावा, लॅपटॉपचं वायफाय बंद, घरातले बाकीचे फोन पण वायफायवरनं काढा, मग स्पीड टेस्ट करा, सर्व्हर पुणे नाहीतर मुंबईचा निवडा. सकाळी एकदा, रात्री नऊला एकदा. मग फोन घेऊन बॉक्सशेजारी उभं राहून एकदा आणि माडीवर एकदा. आणि बॉक्सच्या मागच्या स्टिकरवर काय लिहिलंय ते सांगा. तोवर एक रुपया खर्च करू नका.

सुमेधा_वि
+१ खणभाग. आणि टेक्नोभाऊ, डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता शोधणं. तो सर्व्हर हळू असेल तर पान उघडायला सुरुवातीला वेळ लागतो हे खरं, पण एकदा पत्ता मिळाला की पुढचा डेटा त्याच वाटेनं आणि त्याच वेगानं येतो. व्हिडिओ कॉल तुटतोय त्याच्याशी याचा संबंध नाही.

टेक्नोभाऊ
माझ्याकडे तर फरक पडला होता.

सुमेधा_वि
पडला असेल हो, तेव्हाच राउटरही बंद-चालू केला होता का ते आठवून बघा :)

माचीकर
करून बघितलं सगळं. वायरनं सकाळी ९४, रात्री नऊला पण ९४. फोन बॉक्सशेजारी धरून २३. माडीवर ४, खिडकीपाशी गेलं तर ६. स्टिकरवर एन३०० लिहिलंय आणि वायफायचं नाव एकच दिसतंय, ५जी वगैरे असलं दुसरं काही नाही. म्हणजे कंपनी २०० चे पैसे घेऊन १०० च देतीय असंच ना? फोन लावू का आता?

खणभाग_वायरिंग
थांबा थांबा. ९४ हा आकडा लई ओळखीचा आहे. लाईन खराब असली की ७१, ११३, ५८ असं काहीपण येतं, सकाळी एक रात्री एक. पण दोन्ही वेळेला बरोब्बर ९४ आला तर समजायचं मधी कुठंतरी १०० वाली जोडणी हाय. १०० च्या पोर्टमधनं वरखर्च वजा जाता ९४-९५ च निघतो, तुम्ही १००० चा प्लॅन घेतला तरी तेवढाच.

कारणं तीनच. एक, लॅपटॉपचाच पोर्ट १०० चा, जुन्या मशीनला असतो. दोन, वायर. गिगाबिटला (१००० च्या जोडणीला) आठही तारा लागतात आणि १०० ला चारच पुरतात, त्यामुळं एखादी तार क्लिपमध्ये नीट बसली नाही की दोन्हीकडची मशीनं गुपचूप १०० वर येतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. तीन, बॉक्सचा पोर्ट. स्वस्तातल्या बऱ्याच बॉक्सना दोन पोर्ट असतात, एक गिगाबिट आणि एक १०० चा, वर बारीक अक्षरात जीई आणि एफई लिहिलेलं असतं. बघा तुमची वायर कशात हाय.

निवृत्त_मास्तर
मध्येच विचारतो, क्षमा असावी. माझा प्लॅन १०० चा आहे आणि संगणकावर काही उतरवून घेताना १२ दाखवतो. नातू म्हणतो आजोबा बरोबर आहे, मला तर सरळ फसवणूक वाटते.

सुमेधा_वि
नातू बरोबर आहे काका. प्लॅन मोजतात बिटमध्ये आणि डाउनलोड दाखवतात बाइटमध्ये, आठ बिटचा एक बाइट. १०० ला ८ नं भागा, साडेबारा. तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय.

निवृत्त_मास्तर
आभारी आहे. मग जाहिरातीत आठपट मोठा आकडा लिहायचा हा यांचा धंदा आहे तर.

माचीकर
खणभागदादा मानलं राव. पहिल्या पोर्टला टीव्हीचा सेट टॉप बॉक्स जोडलेला होता आणि माझी वायर दुसऱ्यात. पहिल्यावर जीई लिहिलंय, भिंग घेऊन वाचलं. अदलाबदल केली तर वायरनं १९६. टीव्हीला काही फरक नाही पडला.

खणभाग_वायरिंग
टीव्हीला कशाला पडतोय, फोर-के पिक्चर लावला तरी २५ च्या आसपास लागतात. मोठा पोर्ट टीव्हीला आणि बारका राउटरला, असलं उलटं मी तर रोज बघतो. चला, बॉक्सपर्यंत २०० येतंय, कंपनीला शिव्या द्यायचं कारण संपलं. म्हणजे तेवढ्यापुरतं. २०० चा प्लॅन विकून एन३०० बॉक्स दिलाय त्याचं बोलू मागनं.

कंदीपेढा
एन३०० म्हणजे ३०० ना? मग २०० ला पुरेल की.

सुमेधा_वि
एन हे वायफायचं जुनं मानक आणि तो ३०० कागदावरचा. ४० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा मिळाला, दोन अँटेना, समोर तसलाच फोन आणि आजूबाजूला दुसरं कुणी नाही, तेव्हाची जोडणी ३०० ची. त्यातला निम्मा वेळ तर एकमेकांची पाळी सांभाळण्यात जातो. पेठेत जिथं फोन उघडला की शेजाऱ्यांची पंधरा-वीस नावं दिसतात तिथं पट्टा २० चाच ठेवावा लागतो, मग हातात ५०-६० आले तरी पुष्कळ.

पण माचीकर, मला तुमचा तो बॉक्सशेजारचा २३ खटकतोय. इतक्या जवळ इतका कमी यायला नको. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (बॉक्सच्या स्टिकरवर पत्ता वेगळा असेल तर तो), पासवर्ड पण स्टिकरवरच असतो, आत वायरलेस सिक्युरिटीत बघा काय निवडलंय. टीकेआयपी असेल तर काढा आणि डब्ल्यूपीए२ - एईएस करा. टीकेआयपी ही जुनी कुलुपाची पद्धत आहे, ती लावली तर एन मानकाचे वाढीव वेग वापरताच येत नाहीत, जोडणी सरळ ५४ वर उतरते आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीस हातात पडतात. सुरक्षितही नाही ती. आणि तिथंच चॅनल ऑटोवर असेल तर १, ६ किंवा ११ यातला ज्यावर गर्दी कमी तो द्या. मधले ३, ४, ८ असले देऊ नका, ते दोन्हीकडच्या गर्दीत पाय अडकवतात. कुठं गर्दी आहे ते फोनवरच्या वायफाय अ‍ॅनलायझर अ‍ॅपमध्ये दिसतं.

माचीकर
टीकेआयपीच होतं! बदलल्यावर फोन, टीव्ही सगळे परत जोडावे लागले. चॅनल ११ केला. बॉक्सशेजारी आता ५८ येतंय. माडीवर मात्र ७-८, लेकीच्या मते 'सेम आहे बाबा'.

यवतेश्वर_फाटा
वाचतोय, भारी चाललंय. अवांतर: आमच्याकडं नेट गेलं की आधी वर बघायचं, माकडं केबलला लोंबकळलेली असतात. यावर सेटिंग सांगा कुणीतरी.

कृष्णाकाठ
मी विश्रामबाग, सांगली. माझं उलटं आहे. दिवसभर वायरनं १००, संध्याकाळी आठ ते अकरा ९-१०, आणि परत बारानंतर १००. बॉक्स, वायर, पोर्ट सगळं बघून झालं. हे पण घरातलंच दुखणं का?

खणभाग_वायरिंग
नाही, तुमचं बाहेरचं. तरी खात्री अशी करा. लॅपटॉपला वायर लावून काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) दोन पिंग चालू ठेवा, म्हणजे हाक मारल्यावर उत्तराला किती वेळ लागतो ते दिसतं, एक १९२.१६८.१.१ ला म्हणजे आपल्या बॉक्सला, एक ८.८.८.८ ला म्हणजे बाहेर. आठ वाजता पहिला १-२ मिलिसेकंदावर शांत आणि दुसरा दोनशे-तीनशेवर उड्या मारतोय असं दिसलं तर घरात काही नाही, पुढं गर्दी हाय. फायबर म्हटलं तरी ते एकट्याचं नसतं. जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघरी फायबर वाटायच्या पद्धतीत, एका पोर्टवर अडीच गिगाबिटच्या जवळपास येतं आणि ते ३२ नाहीतर ६४ घरात वाटतात, आणि त्याच्याही मागं भागातल्या माणसानं वरनं लाईन किती घेतलीय त्यावर सगळं. स्वस्तात गिऱ्हाईक भरायची आणि मागची लाईन तेवढीच ठेवायची, मग रात्री सगळे टीव्हीपुढं बसले की संपलं.

बॉक्सच्या पानावर आरएक्स पॉवर (फायबरमधनं बॉक्सपर्यंत किती उजेड पोचतो ते) पण बघून घ्या. उणे ८ ते उणे २७ च्या मधी पायजे, उण्याचा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी. उणे १९ असलं काय नि उणे २४ असलं काय, स्पीड तोच. उणे २७ च्या खाली गेलं की मात्र तुटातुटी सुरू आणि एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा. तसं असलं तर दाराच्या फटीत चेमटलेली, नाहीतर खिळ्याला गच्च गुंडाळलेली केबल बघा. फायबरला तीव्र बाक दिला की उजेड बाहेर गळतो.

कृष्णाकाठ
आरएक्स उणे २१. पिंग तुम्ही म्हणता तसाच, घरातला १, बाहेरचा रात्री २८० पर्यंत. तक्रार केली तर पोरगं येतं, बॉक्स बंद-चालू करतं आणि तक्रार सुटली म्हणून मेसेज पाठवतं.

सुमेधा_वि
मेसेज आला तरी तक्रारीचा नंबर जपून ठेवा आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, वायरच्या टेस्टचे, दुपारचा आणि रात्रीचा शेजारी-शेजारी. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणं प्रत्येक कंपनीला दोन पायऱ्या ठेवाव्या लागतात, आधी तक्रार केंद्र आणि तिथं समाधान झालं नाही तर अपील प्राधिकारी. अपील ३० दिवसांच्या आत करायचं, पैसे लागत नाहीत, पत्ता आणि ईमेल कंपनीच्या साइटवर खाली कोपऱ्यात लपवलेला असतो. फोनवर भांडण्यापेक्षा हे बरं, लेखी पडतं. वायफायवरच्या टेस्ट मात्र जोडू नका, पहिलं उत्तर तेच येईल की तुमच्या घरातच प्रॉब्लेम आहे.

कृष्णाकाठ
करतो आजच. धन्यवाद.

खणभाग_वायरिंग
माचीकर, आता तुमच्या माडीचं. मधी दगडी भिंती किती? आणि वायफायवर काय काय जोडलंय ती यादी टाका, बारीकसारीक सगळं.

माचीकर
दगडी दोन, मग स्लॅब. सोप्यात बॉक्स, मधली खोली, मग मागचा भाग आणि त्याच्यावर माडी. मधल्या खोलीत भिंतीला टेकून दोन लोखंडी कपाटं पण आहेत. जोडलेलं म्हणाल तर पाच फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि परसात नळाजवळ एक वायफायचा कॅमेरा, मेव्हण्यानं आणून दिलेला, त्याचं चित्र चोवीस तास क्लाउडवर जातं.

खणभाग_वायरिंग
सापडला की. त्या कॅमेऱ्यापर्यंत रेंज पोचती कशीबशी, म्हणून तो सगळ्यात खालच्या वेगानं बोलतो, आणि एका चॅनलवर एका वेळी एकच बोलू शकतो. तिकीट खिडकीवर एकजण चिल्लर मोजत बसला की मागची सगळी रांग उभी, तसलं. कॅमेऱ्याचा डेटा थोडाच असतो पण तो हवेतला वेळ खातो. दोन तास बंद ठेवून लेकीला विचारा.

कपाटाचं पण तसंच. लोखंडातनं वायफाय जात नाही, मागं फिरतं. आणि तुमचा बॉक्स टीव्हीच्या मागं कपाटात म्हणजे जन्मल्याबरोबर कोंडलाय.

कंदीपेढा
पाच गिगाहर्ट्झचा नवा राउटर बॉक्सशेजारी लावला तर?

सुमेधा_वि
सोप्यात भारी चालेल, माडीवर आत्तापेक्षा वाईट. वारंवारता जितकी जास्त तितकी भिंत जास्त खाते. आणि दगडी भिंत पावसाळ्यात ओल धरते, पाणी हे सिग्नलचं आणखी एक शत्रू. साताऱ्याच्या पावसात जुन्या घराला ऑगस्टमध्ये रेंज कमी वाटते ते मनाचे खेळ नाहीत.

मेश (घरभर ठेवलेले, एकमेकांना जोडलेले राउटर) पण चर्चेत येईल म्हणून आधीच सांगते, मेश चांगलं, पण ते एकमेकांशी हवेतनंच बोलणार असेल तर मध्ये त्याच दोन भिंती आहेत.

खणभाग_वायरिंग
म्हणून वायर. दुसरा इलाज नाही आणि सगळ्यात स्वस्त पण हाच. कॅट६ लॅन केबल सोप्यातनं माडीपर्यंत न्या, पंचवीस-तीस मीटर लागंल, चालती १०० मीटरपर्यंत. दगडाला भोक मारायच्या भानगडीत पडू नका, जुन्या घरात तुळयांच्या कडेनं नाहीतर झरोक्यातनं वाट मिळतीच. लाईटच्या वायरीबरोबर एकाच पाइपात घालू नका. दुकानात शुद्ध तांब्याची मागा, सीसीए नको, ती अल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असती. तार पात्यानं खरवडून बघायची, आत पांढरी निघाली की परत द्यायची. क्लिपा दोन्हीकडं सारख्याच क्रमानं: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आणि शक्यतो घराच्या आतनंच न्या. बाहेरनं नेली की वळवात एक वीज आसपास कडाडली तरी दोन्हीकडचे पोर्ट जळतात, मे महिन्यात माझा निम्मा धंदा त्याच्यावर चालतो, खोटं कशाला बोलू.

माडीवर ड्युअल बँडचा (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हीचा) गिगाबिट राउटर, अडीच हजाराच्या आसपास येतो, त्यात अ‍ॅक्सेस पॉइंट मोड (वायरनं आलेलं नेट नुसतं वायफायवर पसरवायचा) असलेला बघा. ती केबल बॉक्सच्या जीई पोर्टला. मोड नसेल तर डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद, पत्ता १९२.१६८.१.२ द्या आणि केबल नव्या राउटरच्या लॅन पोर्टला लावा, वॅनला (बाहेरनं नेट घेणाऱ्या पोर्टला) नको. डीएचसीपी बंद करायचं विसरला तर दोन-दोन मुकादम पत्ते वाटत बसतील. नाव-पासवर्ड दोन्हीकडं सारखा ठेवा, २.४ चा चॅनल मात्र वेगळा, खाली ११ तर वर १.

यवतेश्वर_फाटा
आणि तो एन३०० बॉक्स?

खणभाग_वायरिंग
मागा की. १०० च्या वरच्या प्लॅनला ड्युअल बँड बॉक्स द्या म्हणून लेखी तक्रार टाका, बऱ्याच वेळा बदलून देतात. स्वतःहून कोणी देत नाही.

माचीकर
अपडेट देतो मंडळी. कॅमेरा बंद ठेवल्यावर सोप्यातला टीव्ही अडकायचा थांबला आणि माडीवर १४-१५ यायला लागलं, लेक पहिल्यांदा 'बरंय' म्हणाली. मग केबल ओढली, इथलाच एक इलेक्ट्रिशियन बरोबर घेऊन, तुळईच्या कडेनं आणि जिन्याच्या झरोक्यातनं, भिंतीला हात लावला नाही. सीसीएचं बरं सांगितलंत, पहिल्या दुकानात खरवडली तर पांढरी निघाली, दुकानदार म्हणतो सगळे हीच नेतात. राउटर माडीवर टेबलाच्या वर फळीवर ठेवलाय. लॅपटॉपवर ५ गिगाहर्ट्झला १८५ ते १९०, परसातला कॅमेरा पण आता माडीवरच्या राउटरवर घेतला, खिडकीतनं सरळ दिसतो त्याला. बॉक्स कपाटातनं काढून वर फळीवर ठेवला तर बायकोची तक्रार की वायरी दिसतात. ड्युअल बँडसाठी तक्रार टाकलीय, 'स्टॉक आला की कळवतो' असं उत्तर आलंय.

आता एकच. लाईट गेली की दोन्ही बंद होतात आणि हिची मीटिंग परत हॉटस्पॉटवर. घरात इन्व्हर्टर नाही.

सुमेधा_वि
राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, दोन घ्यावे लागतील, खाली एक आणि माडीवर एक. वरचा एकटा चालू राहून उपयोग नाही.

खणभाग_वायरिंग
घेण्याआधी दोन्ही अडॅप्टर उलटे करून वाचा. १२ व्होल्ट असतील बहुतेक, पण काही राउटर ९ व्होल्टचे येतात. अँपियर अडॅप्टरवर आहे तेवढा नाहीतर जास्त असलेलाच यूपीएस घ्या, कमी घेतला तर राउटर सारखा रिस्टार्ट होईल आणि तुम्ही परत धागा काढाल.

माचीकर
बॉक्सचा १२ व्होल्ट १ अँपियर, माडीवरचा ९ व्होल्ट.

खणभाग_वायरिंग
मग दोन वेगळे घ्या, नाहीतर ९ आणि १२ दोन्ही निघणारा बघा, आणि पिनीवर चिठ्ठ्या चिकटवा. १२ ची पिन ९ वाल्यात गेली तर वरचा राउटर जाईल.

कृष्णाकाठ
माझं पण सांगून ठेवतो. अपिलाला उत्तर आलं, तुमच्या भागाचा लोड तपासतोय म्हणून. काल रात्री नऊला ३८ आलं. दुपारी १०० आहेच. स्क्रीनशॉट काढणं चालू ठेवलंय.